क्लेमेंटची बहीण

माझी नणंद जॅनिस आमच्या घरी पहिल्यांदा आली तेव्हा पन्नाशीला टेकली होती. मी तिला त्याआधी कधी पाहिलेलं नव्हतं. माझ्या नवऱ्याने, क्लेमेंटने, शेवटचं पाहिलं होतं तेव्हा ती जेमतेम तीन वर्षांची होती. त्या काळी आम्हा लाकोटा आदिवासींच्या वस्त्यांवर सरकारी बाया मोटार घेऊन यायच्या आणि पोरांना उचलून न्यायच्या. घरात आजी आहे, मामा आहे, चुलीवर काहीतरी शिजतंय, याला त्यांच्या लेखी काही किंमत नसायची. क्लेमेंटची आई दवाखान्यात होती, तेवढ्यात हे झालं. तिकडे पूर्वेला, मिनेसोटात, एका गोऱ्या जोडप्याने जॅनिसला वाढवलं. माणसं चांगली होती असं ती स्वतःच सांगते, आणि ते ऐकून मला बरं वाटतं.

ती आली त्याच्या आधीच्या हिवाळ्यात तिच्या मुलीने कंप्युटरवरून कुठून कुठून माग काढला आणि एके दिवशी आमच्याकडे फोन वाजला. मीच उचलला. पलीकडून एक बाई दबक्या आवाजात म्हणाली, "माफ करा हं, क्लेमेंट तिथेच राहतात का? मी बहुतेक त्यांची बहीण आहे."

बहुतेक! मी फोन क्लेमेंटच्या हातात दिला. तो कानाला लावून नुसता ऐकत राहिला. शेवटी म्हणाला, "जूनमध्ये ये. तेव्हा रस्ते कोरडे असतात."

एवढंच. मग फोन ठेवून बाहेर गेला आणि अंधार पडेपर्यंत लाकडं फोडत राहिला. सबंध हिवाळ्याला पुरून उरतील एवढी.

जूनमध्ये जॅनिस आली. एकटीच मोटार चालवत आली होती, धुळीने माखलेली, हातात मधाच्या बाटल्या. क्लेमेंट अंगणात उभा होता. त्याने तिच्या हातात हात दिला, नजर जमिनीवर.

"प्रवास बरा झाला?"

"हो."

"बरं," तो म्हणाला आणि तिची बॅग उचलून आत गेला.

पुढचे दिवस असेच गेले. तो पहाटे उठून तिच्या मोटारीची काच पुसून ठेवायचा. तिच्या खोलीच्या खिडकीला नवी जाळी बसवली. मांसाचा चांगला तुकडा तिच्या ताटात जाईल असं बघायचा. पण ती खोलीत आली की हा काहीतरी निमित्त काढून उठायचा, आणि बोलायचा ते माझ्याकडे बघून.

मला त्यात काही वावगं वाटलं नाही. आमच्यात भाऊ बहिणीला मान देतो तो असाच. डोळ्याला डोळा भिडवत नाही, तिच्यापुढे फार बोलत नाही, थट्टा तर नाहीच नाही. थट्टा करायची ती नणंदा-भावजयांनी आणि मेव्हण्या-मेव्हण्यांनी, आणि तिथे मात्र काही हातचं राखायचं नाही. म्हणून मी पहिल्याच जेवणाला सुरुवात केली होती. "काय गं नणंदबाई, मिनेसोटात नुसतं जेवायला शिकवतात वाटतं? भांडी घासायला नाही?"

तिचा चेहरा लाल झाला. उठली आणि सगळी भांडी घासली, स्वच्छ होती तीसुद्धा. मी मनात म्हटलं, वा, बाई तयारीची आहे, थट्टेला थट्टेने उत्तर देते. मला मेलीला काय कळत होतं!

शुक्रवारी आमची घामाची झोपडी होती. ओढ्याकाठी वाळुंजाच्या फांद्या वाकवून केलेली, माणूस उभा राहू शकणार नाही अशी बुटकी झोपडी. तिच्यात तापलेल्या दगडांवर पाणी घालायचं, अंधारात वाफेत बसायचं आणि मनातलं बोलायचं. आमचे आजे-पणजे हेच करत आले. सकाळी मी रंगीत कापडाचे तुकडे आणि तंबाखूचा डबा घेऊन जॅनिसच्या खोलीत गेले, तर बॅग भरून पलंगावर ठेवलेली.

"कुठे निघालीस?"

"घरी." ती खिडकीकडे तोंड करून उभी होती. "तुम्ही लोकांनी खूप केलंत माझ्यासाठी. पण मी यायला नको होतं."

"का? कोणी काही बोललं?"

"बोललं असतं तर बरं झालं असतं. माझा भाऊ माझ्याकडे बघतसुद्धा नाही. मी आले की उठून जातो. आणि तुम्हाला..." तिचा आवाज कापला. "तुम्हाला मी केलेलं काहीच पसंत पडत नाही. काल म्हणालात, माझ्यापेक्षा तुमच्या कुत्र्याला जास्त कळतं."

मी धपकन पलंगावर बसले. मला हसू यावं की रडू तेच कळेना.

"अगं बाई, ते कुत्रं खरंच हुशार आहे," मी म्हटलं. मग तिचा चेहरा बघून तिचा हात धरला आणि शेजारी बसवलं. "ऐक. ज्या बाईला मी टोचून बोलत नाही ना, ती माझी कोणी नसते. तू माझी नणंद. तुला नाही टोचणार तर कोणाला? तू उलटून बोलायचं असतं. मी वाट बघतेय कधीची."

"मला सुचत नाही."

"सुचेल. आणि तो बघत नाही असं कोण म्हणतं? तुझी पाठ वळली की बघतो. परवा तू अंगणात केस विंचरत होतीस, हा खिडकीत उभा. हातातली कॉफी गार झाली. मी म्हटलं, अहो, प्या ती. तर म्हणतो कसा, आईसारखीच मान तिरकी करते."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "असं म्हणाले? मग मला का नाही सांगत?"

"बहिणीला तोंडावर सांगणार? त्याला लाजबीज आहे की नाही!" मी म्हटलं. "बॅग राहू दे इथेच. जायचं तर उद्या जा. पण आज खाली ओढ्यावर चल. तुला काहीतरी दाखवायचंय."

आम्ही खाली गेलो तेव्हा क्लेमेंट आणि सायलस मामा झोपडीच्या सांगाड्यावर गोधड्या टाकत होते. सायलस मामा म्हणजे या दोघांच्या आईचा धाकटा भाऊ. ऐंशीच्या घरातला, कमरेत वाकलेला, पण झोपडीत पाणी घालायचं ते अजून त्यानेच. आम्हाला बघताच क्लेमेंट ताडपत्री आणायला म्हणून पिकअपकडे निघून गेला.

मी गोधडी जरा उचलून जॅनिसला आतल्या फांद्या दाखवल्या. "या बघ. साल अजून ओली आहे. जुना सांगाडा आणखी दोन उन्हाळे सहज टिकला असता. झाडात रस चढला तसा हा एकटा नदीकाठी जाऊन नव्या फांद्या तोडून आला. प्रत्येक झाडाच्या बुंध्याशी तंबाखूची चिमूट ठेवून. मामा म्हणाले, अरे, जुन्याला काय धाड भरलीय? तर म्हणाला, ती येतेय."

जॅनिसने एका फांदीवरून बोट फिरवलं.

"अगं ए भाचे," सायलस मामा ओरडला, "तिथे उभी राहून काय भाव करतेस? ये इकडे. या हातांनी तुझा शेंबूड पुसलाय मी. पुष्कळ होता."

ती पहिल्यांदाच मोकळी हसली. आम्ही झाडाखाली बसलो. त्या कॉटनवूडच्या झाडाचा कापूस उडून केसांत, मांडीवर पडत होता. मी तिला पुरचुंड्या करायला शिकवलं. बोटभर कापडात चिमूटभर तंबाखू, वर दोऱ्याची गाठ, आणि गाठ मारताना एकेकाचं नाव मनात आणायचं. त्याच दोऱ्यात पुढची पुरचुंडी. ही माळ आत टांगतात.

"मी कोणाची नावं घेऊ?"

"ज्याची आठवण येईल त्याचं घे."

तिने मुलीचं घेतलं, तिला वाढवणाऱ्या आईवडिलांचं घेतलं. मग हात थांबले. "माझ्या आईचं नाव काय होतं?"

माझ्या काळजात चर्र झालं. इतक्या दिवसांत आमच्यापैकी कोणाच्या हे डोक्यातच आलं नव्हतं. "रोझिना," मी सांगितलं.

"रोझिना," ती म्हणाली आणि लाल कापडाची गाठ अगदी सावकाश मारली.

दुपारनंतर टेरिलने, आमच्या जावयाने, आग लावली. लाकडांच्या थरांत दगड रचलेले. आमच्याकडे त्यांना आजोबा म्हणतात. ते चांगले लाल व्हायला वेळ लागतो. तोवर आम्ही बायकांनी लांब सुती झगे घातले, टॉवेल घेतले. माझ्या झग्यात जॅनिस पार हरवून गेली होती. वरवर हसत होती, पण सायलस मामाजवळ जाऊन हळूच म्हणाली, "मामा, मला बंद जागेची भीती वाटते. अंधाराचीसुद्धा."

"मलाही वाटायची," मामा म्हणाला. "आता या वयात भीती वाटायच्या आधीच झोप लागते." मग त्याने तिचा हात आपल्या दोन्ही हातांत घेतला. "हे बघ पोरी. आत नकोसं झालं तर 'मिताकुये ओयासिन' म्हणायचं. सगळे माझे सोयरे, एवढाच त्याचा अर्थ. म्हटलंस की दार उघडेल. कोणी हसणार नाही. मी स्वतः एकदा पळालोय बाहेर, आणि त्या दिवशी पाणी मीच घालत होतो."

आम्ही गुडघ्यांवर रांगत आत गेलो. आत जाताना प्रत्येकाने तेच शब्द म्हटले. जमिनीवर रानदवणा अंथरलेला, अंगाखाली चुरडला की कडवट, स्वच्छ वास सुटतो. बायका एका बाजूला, पुरुष दुसऱ्या. टेरिल दाताळ्यावर एकेक दगड आणून मधल्या खड्ड्यात ठेवत होता, मामा त्याच्यावर देवदाराचा चुरा टाकायचा, बारीक ठिणग्या उडायच्या. मग दारावरची गोधडी सोडली आणि दार पडलं. असा अंधार की डोळे उघडे काय, मिटले काय, सारखंच. फक्त दगडांची लाली. मामाने पाणी घातलं आणि वाफ आमच्या खांद्यांवर येऊन बसली.

आत जी गाणी म्हणतात ती मी इथे सांगणार नाही. ती तिथलीच. पहिल्या फेरीत जॅनिसने माझा हात इतका घट्ट धरला होता की बोटं बधिर झाली, पण ती टिकली. दार उघडलं, गार हवा आत आली, आणखी दगड आले, पुन्हा दार पडलं. दुसऱ्या फेरीत एकेकाने बोलायचं असतं. मामाचं बोलून झालं, आणि जॅनिसचा श्वास आखूड व्हायला लागलेला मला ऐकू आला. मग तिने ते शब्द म्हटले. म्हटले कसले, त्यांचे तुकडे केले. पण मामाला पुरले. लगेच दार उघडलं आणि मी तिच्यामागोमाग बाहेर आले.

टेरिलने तिला पाणी दिलं आणि आगीकडे तोंड करून उभा राहिला. आम्ही दोघी झोपडीला लागूनच गवतात बसलो.

"नाही जमलं मला," ती म्हणाली.

"जमायचं काय त्यात? बसलीस ना? बस."

आत दार पुन्हा पडलं होतं. थोड्या वेळाने गोधड्यांमागून क्लेमेंटचा आवाज यायला लागला. घरी तो आठवडाभरात बोलत नाही तेवढं आत बसला की एका दमात बोलतो, आपल्या भाषेत.

"काय म्हणताहेत?" जॅनिसने विचारलं.

मी कान दिला. "पाऊस वेळेवर येऊ दे म्हणतोय. शाळेतल्या पोरांना सांभाळ म्हणतोय. माझे गुडघे बरे होऊ देत... बघ, माझे गुडघे चव्हाट्यावर."

ती हसली नाही. ती एकदम ताठ झाली होती. आतून एक शब्द आला होता, आणि आता पुन्हा आला.

"पिस्पिझा," जॅनिस म्हणाली.

आमच्या भाषेतले शब्द परक्या माणसाच्या तोंडात वाकडे होतात. तिच्या तोंडून हा सरळ आला.

"तुला कोणी शिकवला हा शब्द?"

"कोणीच नाही. माझाच आहे. म्हणजे मला वाटायचं, मीच बनवलाय." तिने माझा दंड धरला. "लहानपणी पांघरुणात शिरून मी स्वतःला हाच शब्द म्हणायचे. मुलगी झाली तेव्हा तिलाही म्हणायचे. नवरा विचारायचा, हे काय गं? मी म्हणायचे, काही नाही, असंच. कोणाचं नाव आहे ते?"

"तुझं," मी म्हटलं.

मग मी तिला सांगितलं. पिस्पिझा म्हणजे आमच्या माळावर बिळातून डोकं वर काढून इकडेतिकडे बघणारं, शिट्ट्या मारणारं खारीसारखं जनावर. ती लहान असताना गोधडीतून असंच डोकं काढायची, म्हणून क्लेमेंटने ठेवलेलं नाव. "मी लग्न होऊन आले तेव्हापासून ऐकतेय. आत बसला की शेवटी हेच. मला आधी वाटलं, हा रानातल्या जनावरांसाठी देवाकडे मागणं मागतो की काय! सायलस मामाने सांगितलं तेव्हा कळलं."

"काय मागायचे?"

"दर वेळी तेच. पिस्पिझा असेल तिथे तिला ऊब असू दे. जेवलीस का म्हणून तिला कोणीतरी विचारू दे."

तिने तळवा ताडपत्रीवर टेकला होता, आवाज येत होता त्या जागी. आत क्लेमेंटचं बोलणं संपत आलं होतं.

"आणि आज?" तिने विचारलं. "आज काय म्हणाले?"

मला सांगता येईना. "आज म्हणाला," मी कसंबसं बोलले, "ती जेवली. माझ्या घरी जेवली."

फेरी संपून दार उघडलं तेव्हा वाफेचा लोट बाहेर आला. जॅनिस माझ्यासाठी थांबलीच नाही. झगा गोळा करून गुडघ्यांवर बसली, शब्द या वेळी नीट म्हटले आणि आत शिरली.

"आलीस?" आतून मामाचा आवाज. "ये. जागा गरम ठेवलीय."

तिसऱ्या फेरीत तिची पाळी आली तेव्हा ती इंग्रजीतच बोलली, फार थोडं. "मला वाढवलं त्या माणसांनी मला उपाशी ठेवलं नाही. ऊब होती. रोज कोणीतरी विचारायचं, जेवलीस का. हे माझ्या भावाला कळू दे."

पुरुषांच्या बाजूने एक आवाज आला, एखादं जड ओझं खाली ठेवताना माणसाच्या तोंडून येतो तसा. मामाने पटकन बादलीतलं पाणी दगडांवर ओतलं. इतकं ओतलं की त्या फुसफुसाटात दुसरं काही ऐकूच येऊ नये.

शेवटी आम्ही बाहेर आलो तेव्हा ऊन टेकडीवर कललं होतं. सगळ्यांच्या अंगातून वाफा निघत होत्या, भिजलेल्या घोड्यांसारख्या. रीतीप्रमाणे सगळ्यांनी एकमेकांच्या हातात हात दिले. क्लेमेंटने जॅनिसचा हात धरला तो सोडला नाही. मान वर केली, एकदाच, तिच्याकडे पूर्ण बघितलं. डोळे सुजले होते त्याचे.

"टॉवेल घे खांद्यावर," तो म्हणाला. "वारा आहे."

घरी येऊन जेवलो. मी आमच्या माळावरच्या रानगव्याच्या मांसाचं कालवण केलं होतं, तळलेला पाव होता, रानचेरीचा घट्ट गोड रस होता. सगळे भुकेने गप्प होते. जॅनिसने पावाचा तुकडा तोडला, दोन वेळा चावला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "वहिनी, तुझा हा पाव झोपडीत नेला असता तर टेरिलला दगड तापवावे लागले नसते."

सायलस मामाला असा ठसका लागला की टेरिलला त्याची पाठ चोळावी लागली. क्लेमेंट ताटावर वाकून हसत होता, खांदे हलत होते. मी उठले, तिच्या डोक्यावर हलकी टपली मारली आणि तिच्या ताटात आणखी दोन पाव टाकले. "खा. सगळे खायचे."

ती पुढचे दहा-बारा दिवस राहिली. दुसऱ्या दिवशी क्लेमेंट दारात येऊन माझ्याकडे बघत म्हणाला, "टेकडीवर कंद तयार झालेत. कोणाला यायचं असेल तर मी निघतोय." कोणाला म्हणजे कोणाला हे सगळ्यांना कळलं. जॅनिस बूट घालून निघाली. मी ओट्यावरून बघत होते. तो पुढे, ती मागे. तो काठीने जागा दाखवायचा आणि दोन पावलं बाजूला सरकायचा, ती गुडघ्यांवर बसून खणायची. दुपारी परतली तेव्हा झग्याचा ओचा कंदांनी भरलेला आणि नखांत माती.

कंद सोलून, त्यांच्या शेपट्यांची वेणी घालून ती वाळवायला टांगायची असते. जॅनिस स्वयंपाकघरात टेबलाशी वेणी घालायला बसली. क्लेमेंट समोर बसून सोलत होता. मला वाटलं, आता हा नेहमीसारखा उठून जाईल. तो उठला नाही. सोलता सोलता, कंदांकडे बघतच, बोलायला लागला. आई कशी हसायची, कोणत्या हाताने चाकू धरायची, पावसात कपडे काढायला धावताना काय ओरडायची. मध्येच थांबायचा, एक कंद सोलायचा, पुन्हा सुरू. इतक्या वर्षांत यातलं पुष्कळसं मलाही त्याने कधी सांगितलं नव्हतं.

मी शेगडी बंद केली, माझी कॉफी घेतली आणि बाहेर पायरीवर जाऊन बसले.